ढिलं ठेवलेलं यंत्र

मी शाळामास्तर झालो तेव्हा वडील आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. ते हावड्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आपण उभा जन्म यंत्रांचे नकाशे काढले, मुलानं निदान यंत्रं बांधावीत, अशी त्यांची साधी इच्छा होती. मी मात्र भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बागबाजारजवळच्या मुलांच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायला लागलो.

जन्म कलकत्त्यातलाच, त्यामुळे बंगाली मला मराठीपेक्षा बरी येई. तरी शिक्षकांच्या खोलीत मी शेवटपर्यंत 'बर्गी'च राहिलो. दोनशे वर्षांपूर्वी मराठ्यांचे घोडेस्वार इथं लुटालूट करायला आले होते, त्याचा हिशोब माझ्याकडून रोज थोडा थोडा चुकता होई. मी खोलीत शिरलो की कुणीतरी म्हणायचं, बर्गी आला, खडू लपवा. मीही हसायचो. पण माझ्या नाकावर राग कायमचा बसलेला, आणि त्या हसण्याचं उट्टं मी वर्गात काढत असे.

राग येण्यासारखं तिथं पुष्कळ होतं. तरफेचे तीन प्रकार घडाघडा म्हणून दाखवणाऱ्या मुलांपैकी एकानंही पहार हातात धरलेली नव्हती. घर्षणाचे नियम तोंडपाठ, पण सायकलची चेन उतरली की चढवायला रस्त्यावरचा माणूस लागायचा. परीक्षेत सगळ्यांना उत्तम गुण. मी त्यांच्यावर ओरडायचो आणि मग लक्षात यायचं की मीही असाच शिकलो आहे.

त्या सुमारास माध्यमिक शाळांत तंत्रशिक्षणाच्या शाखा काढायचं सरकारच्या मनात आलं होतं. मी मुख्याध्यापकांच्या मागे लागलो. माझी कल्पना सोपी होती. वेगळी शाखा हवीच, पण विज्ञानाचा तासही तसाच राहू नये. आज वर्गात घर्षण शिकवलं की पुढच्या तासाला मुलांनी कर्मशाळेत जाऊन तेच घर्षण हातानं अनुभवायचं. सूत्र आणि पाना एकाच आठवड्यात. मुख्याध्यापक सज्जन आणि भित्रे होते. शेजारची शाळा असं काही करणार आहे असं कळल्यावर ते तयार झाले. शाळेमागे सायकली ठेवायची लांबट शेड होती, ती रिकामी केली. लष्कराच्या लिलावात युद्धात वापरलेला एक जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, मिळाला, तो तिथं बसवला. आता तो चालवायला शिकवणारा माणूस हवा होता.

वडिलांनीच तो सुचवला. पन्नाशीचे, वाळलेले, कमी बोलणारे गृहस्थ. पूर्व बंगालमध्ये त्यांचा स्वतःचा लेथ होता, फाळणीत तो तिथंच टाकून बायको आणि दोन मुलींना घेऊन ते इकडे आले होते. हावड्याच्या एका गल्लीत दुसऱ्याच्या लेथवर काम करत होते आणि मेहुण्याच्या घरी व्हरांड्यात राहत होते. शाळेची नेमणूक तात्पुरती होती. सरकारची समिती येऊन पाहणार, विभाग मंजूर करणार, मग त्यांची जागा कायम होणार. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, कायम होईल ना, सर? मी छाती काढून म्हटलं, माझ्यावर सोडा.

तो माणूस काय शिकवायचा! मी फळ्यावर सूत्र लिहून यायचो, आणि ते मुलांना एक लोखंडी पेटी आधी कोरड्या फळीवरून, मग ग्रीस लावलेल्या फळीवरून, मग नुसत्या वाळूवरून ढकलायला लावायचे. कोण किती दमलं ते विचारायचे. मग म्हणायचे, आता सरांनी काय लिहिलं ते वहीत बघा. महिन्याभरात मुलांच्या वह्यांवर तेलाचे डाग दिसायला लागले आणि मला इतका आनंद झाला की मी ते डाग वडिलांना नेऊन दाखवले.

पालकांना मात्र तो आनंद झाला नाही. पोरांना मिस्त्री करायला शाळेत घातलंय का, असं विचारत तिघे-चौघे चालून आले. मुलंही या नव्या शिक्षकांना 'मिस्त्री' म्हणत आणि एकेरीत बोलत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्हाला जसे मास्टरमोशाय म्हणता तसेच यांना म्हणायचं, असा मी दंडक घातला, आणि जो चुकेल त्याला बाकावर उभा केला. पंधरा दिवसांत सगळी नववी त्यांना मास्टरमोशाय म्हणू लागली. शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची मिळवून द्यायला आणखी दोन महिने लागले. ते तिच्या कडेवर बसायचे, पण बसायचे. या दोन गोष्टींचा मला फार अभिमान होता.

नववीत एका कारकुनाचा मुलगा होता. अभ्यासात यथातथा, पण त्याच्या बोटांत काहीतरी होतं. कातलेल्या सळईवरून बोट फिरवून ती कुठं केसभर जाड राहिली आहे ते तो सांगायचा, आणि मापून पाहिलं तर तसंच निघायचं. मास्टरमोशाय त्याला लेथचं चाक धरायला देत. दुसऱ्या कुणाला देत नसत.

समितीची तारीख ठरली ती विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवसाची. सप्टेंबरातल्या त्या पूजेला बंगालात यंत्राला कुणी हात लावत नाही, कारखाने बंद असतात आणि शहरातल्या प्रत्येक गच्चीवरून पतंग उडतात. पूजेच्या आदल्या दिवशी मास्टरमोशायांनी मुलांना घेऊन लेथ उघडला. एक एक भाग रॉकेलमध्ये धुतला, पुसला, तेल लावलं आणि जागच्या जागी ठेवला. सगळे बोल्ट नुसते बोटांनी फिरवून बसवले. मुलांनी विचारलं, पाना का लावत नाही? ते म्हणाले, वर्षभर आवळलेलं असतं, एक दिवस ढिलं राहू द्यायचं. काय झिजलंय, काय वाकलंय ते ढिल्या यंत्रात समजतं. मग पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या नजरेनं पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानं आवळत जायचं, म्हणजे एकही सुटत नाही.

मी शेडच्या दारात उभा राहून हे ऐकलं. निघताना ते माझ्यापाशी थांबले आणि मला वेगळं सांगितलं.

"सगळं नुसतं हातानं बसवलंय, सर. उद्या याला कुणी हात लावायचा नाही. परवा सकाळी सातला येऊन मी आवळून देतो, समिती यायच्या आत."

मी मान हलवली. ऐकलं मी सगळं, पण मनात त्याची नोंद झाली ती धर्मश्रद्धा म्हणून. यंत्राची देखभाल म्हणून ती झालीच नाही. विज्ञानाच्या पदवीधराला त्यात विज्ञान दिसलं नाही आणि त्याचं एक कारण आमच्या घरातच होतं. आमच्याकडे हत्यारांची पूजा दसऱ्याला. वडील पाटावर आपली कंपासपेटी आणि रेघा ओढायचं पेन मांडायचे, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायचे, आणि आरती झाली की त्याच पेनानं लगेच कोऱ्या कागदावर एक सरळ रेघ ओढायचे. पूजलेलं हत्यार त्याच घटकेला चालवलं की वर्ष चांगलं जातं, अशी त्यांची समजूत. लहानपणापासून मी तो कागद धरत आलो होतो. पूजा झाली की हत्यार चालवायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं.

पूजेच्या दिवशी सकाळी शेडमध्ये हत्तीवर बसलेल्या विश्वकर्म्याची मातीची छोटी मूर्ती आणली. लेथला हार घातला, शेंदूर लावला. मुलांना प्रसाद वाटून मास्टरमोशाय हावड्याला गेले, जुन्या गल्लीतल्या पूजेला. शाळा लवकर सुटली होती, तरी कर्मशाळेची दहाबारा मुलं मैदानात पतंग उडवत रेंगाळली होती. अकराच्या सुमाराला फाटकात एक मोटार येऊन थांबली. समितीचे तीन सदस्य. त्यांचा कार्यक्रम बदलला होता, संध्याकाळच्या गाडीनं त्यांना निघायचं होतं, म्हणून उद्याचे पाहुणे आजच आले.

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले की यंत्र नुसतं दाखवा, पूजा आहे म्हणून सांगा, ते समजून घेतील. समजून घेतलंही असतं. पण शेडमध्ये आल्यावर त्या तिघांपैकी एकानं हार घातलेल्या लेथकडे पाहिलं आणि हसून म्हटलं, म्हणजे तुमच्या शाळेत यंत्राची पूजा होते, ते चालत नाही. बाकीचे दोघे हसले. वर्षानुवर्षं खडू लपवण्याच्या विनोदावर मी हसत आलो होतो, पण हे मला सोसलं नाही. मी हार काढून खुंटीला अडकवला आणि मैदानातून त्या कारकुनाच्या मुलाला हाक मारली.

तो आला, पण लेथपासून चार हात लांब उभा राहिला.

"मास्टरमोशायांनी आज नको म्हटलंय, सर."

"पूजा झाली ना? मग झालं तर," मी म्हणालो.

लांब सळई कातायची तर तिचं एक टोक लेथच्या पंजात धरतात आणि दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक टेकवतात. टेलस्टॉक म्हणजे मागचा लोखंडी ठोकळा. तो रुळावर पुढेमागे सरकतो आणि हवा तिथं बोल्ट आवळून पक्का करतात. पंजा मी स्वतः किल्लीनं आवळला. टेलस्टॉक जागेवर होता, सळईला नीट टेकलेला होता, डोळ्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पाना लावून पाहायचं मला सुचलं नाही. पाहुण्यांकडे तोंड करून मी बोलत होतो. आणि बोलत होतो ते घर्षणावर. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की ते सरकायला विरोध कसा करतात, हे मी त्यांना सांगत होतो, आणि माझ्या पाठीमागे तो ठोकळा कशानंही दाबलेला नव्हता.

मुलानं चाक फिरवलं. धार सळईला लागली, चकचकीत कीस निघाला. एक पाहुणा वा म्हणाला. मग आवाज बदलला. आता मला तो आवाज झोपेतही ओळखता येईल, पण तेव्हा मी बोलतच राहिलो. ठोकळा थरथरत मागे सरकला, सळईचं टोक मोकळं झालं आणि फिरता फिरता ती वाकून चाबकासारखी बसली ती मुलाच्या उजव्या हातावर. तो ओरडला नाही. खाली बसला आणि हाताकडे बघत राहिला. बाहेर गच्च्यांवर कुणाचा तरी पतंग कापला गेला होता आणि पोरं 'भो काट्टा' म्हणून ओरडत होती.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्याचे वडील आले, ऑफिसातून तसेच, छत्री काखेत धरून. मला वाटलं ते माझी गचांडी धरतील. त्यांनी फक्त विचारलं, लिहिता येईल ना त्याला? मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर दुसरीकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मास्टरमोशाय शाळेत आले, सांगितल्याप्रमाणे. फाटकावर दरवानानं त्यांना झालेलं सांगितलं असावं. मी शेडमध्येच होतो. जमीन धुतलेली होती. ते सरळ लेथपाशी गेले. टेलस्टॉकच्या नटावर त्यांनी नुसतं बोट ठेवलं, नट गरकन फिरला. मग त्यांनी पिशवीतून पाना काढला आणि पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत सगळं यंत्र क्रमानं आवळलं. अर्धा तास लागला. मी पूर्ण वेळ भिंतीशी उभा होतो.

दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत चौकशी झाली. शाळेच्या मंडळाचे दोन सभासद आणि मुख्याध्यापक, टेबलाच्या अलीकडे मी. दाराबाहेर बाकावर मास्टरमोशाय बसले होते. मला विचारलं, यंत्र ढिलं ठेवलेलं होतं का? मी म्हटलं, हो. ढिलं कुणी ठेवलं? मी सांगितलं. मग विचारलं, त्यांनी तुम्हाला तशी कल्पना दिली होती का?

"पूजा असल्यामुळे यंत्राला हात लावू नका, असं मिस्त्रीनं सांगितलं होतं," मी म्हणालो.

हेच मग माझ्याकडून लिहून घेतलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. 'सगळं नुसतं हातानं बसवलंय' हे वाक्य मी गाळलं, एवढंच. ज्या शब्दाबद्दल मी मुलांना बाकावर उभं केलं होतं तो माझ्या तोंडून आपसूक आला, आणि त्या खोलीत कुणाला तो खटकलाही नाही. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की विभाग वाचवायचा होता, मुलांचं भलं होतं. ते सगळं नंतर सुचलेलं. त्या क्षणी मी भ्यायलो होतो. नोकरी जाईल, त्या मुलाच्या बापासमोर उभं राहावं लागेल, बर्गीनं पोराचा हात खाल्ला असं सगळं बागबाजार म्हणेल, याची मला भीती वाटली. सगळं खापर दाराबाहेरच्या माणसावर फुटेल हे मला कळत होतं. मी ते फुटू दिलं.

आठवड्याच्या आत त्यांना काढलं. मुख्याध्यापकांनी त्यांना माझा जबाब वाचून दाखवला आणि एका कागदावर सही घेतली. जाताना पाना शाळेचा नाही, माझा आहे, एवढं सांगून ते तो घेऊन गेले. मी तेव्हा दहावीच्या वर्गावर होतो. तास मुद्दाम लांबवला.

मग दुर्गापूजेची सुट्टी लागली आणि दसरा आला. हावड्याच्या कारखान्यांत बातम्या फिरतात, वडिलांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. तरी महिनाभर त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी कंपासपेटी मांडली, फुलं वाहिली. आरती झाली. मी कोरा कागद पुढे धरला. त्यांनी पेन उचललं नाही.

"यंत्र हातानं बसवलंय, हे त्यानं तुला सांगितलं होतं का?"

"हो," मी म्हणालो.

"मग राहू दे आज. रेघ उद्या ओढू."

त्यांनी पेटी मिटली. आई स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन तशीच उभी राहिली. तीस वर्षांत वडिलांनी रेघ चुकवल्याचं मला आठवत नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बसून नवा जबाब लिहिला. त्यांनी काय सांगितलं, मी काय ऐकलं, त्या मुलानं काय सांगितलं, मी काय केलं, सगळं. मुलाचं नाव लिहिताना हात थांबला, पण लिहिलं. तो कागद खिशात घालून मी ट्रामनं हावड्याचा पूल ओलांडला आणि विचारत विचारत त्या गल्लीत गेलो. रुंदीला दोन माणसं जेमतेम जातील अशी गल्ली, दोन्हीकडे लेथ. मास्टरमोशाय आत काम करत होते. मला पाहून त्यांनी यंत्र थांबवलं, स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. पहिल्यांदा त्या मुलाची चौकशी केली. मी सांगितलं की तो डाव्या हातानं लिहायला शिकतोय.

मी कागद काढून त्यांना वाचून दाखवला. आजूबाजूच्या आवाजात मला ओरडून वाचावं लागलं. वाचून झाल्यावर म्हटलं, हा देऊ का? तुमची जागा परत मिळेल.

त्यांनी हात पुसले.

"हे मला कशाला विचारता, सर? यंत्र चालू करताना विचारलं होतं?"

आवाज चढला नव्हता. नट गरकन फिरला होता त्या सकाळी तोंड जसं होतं तसंच आताही होतं. चहा आला. मी तो कसाबसा संपवला. त्यांनी गल्लीच्या तोंडापर्यंत मला सोडलं आणि परत आत गेले.

येताना ट्राम पूल चढेपर्यंत माझी मीच समजूत घालून झाली होती. त्यांनी नको म्हटलं, असं मी ठरवलं. त्यांनी नको म्हटलं नव्हतं. देऊ का, हा प्रश्नच विचारायचा नव्हता, एवढंच ते म्हणाले होते, आणि ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्याच पुरतं कळलं होतं.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला हसून बोलावलं. समितीचा निर्णय आला होता. विभाग मंजूर. शिकवणारा जबाबदार आणि शिकलेला नेमावा, एवढी सूचना केली होती, आणि विभागाचा प्रमुख म्हणून मंडळानं माझी निवड केली होती. जागा कायम. पोच म्हणून खाली सही करायची होती. दसऱ्यानंतर लिहिलेला तो नवा जबाब माझ्या कोटाच्या आतल्या खिशातच होता. मुख्याध्यापकांनी आपलं पेन उघडून माझ्यापुढे धरलं, आणि मी सही केली.